काका, आधी हिशेब दाखवा

वाचकाचं पत्र:

ताई, मी मूळची नाशिकची, नोकरीसाठी पुण्यात असते. कोथरूडमध्ये मी आणि माझी मैत्रीण, दोघींच्या नावावर एक टू बीएचके भाड्याने घेतला होता. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले, तिन्ही नोंदवलेले. डिपॉझिट ९०,००० रुपये, बँकेतून दिलेलं. कराराप्रमाणे महिनाभर आधी नोटीस देऊन घर सोडलं, किल्ल्या दिल्या. मालक सत्तरीचे आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. ते म्हणाले, "नवीन भाडेकरू आला की देतो." अडीच महिने गेले. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर आकडे आले: पूर्ण घराचा रंग ३५,०००, किचन ट्रॉल्या बदलल्या १८,०००, साफसफाई ६,५००, बाथरूममधली टाइल २,५००, सोसायटीचे भाडेकरू ठेवल्याबद्दलचे पैसे ९,९००, शेवटचं लाइट बिल १,८४०. म्हणजे आम्हाला परत १६,२६०, आणि तेही अजून आलेले नाहीत. खरं सांगते, टाइल आमच्याकडूनच फुटली. बेडरूमच्या एका भिंतीवर टेपने फोटो लावले होते, ते काढताना रंगाचे पोपडे निघाले. चिमणी तेलकट राहिली होती. पण ट्रॉल्या आम्ही आलो तेव्हाच गंजलेल्या होत्या. एजंट म्हणतो, रंगाचे पैसे सगळेच कापतात. बाबा म्हणतात, जाऊ दे, कोर्टकचेरी नको. मैत्रीण म्हणते, पुढच्या घरात शेवटचे तीन महिने भाडंच द्यायचं नाही. काय करू?

उत्तर:

बाबांची काळजी मला समजते, पण हे पैसे इतक्यात सोडू नका. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून मी बेरीज-वजाबाकी केली, तर तुमच्याकडून रास्त कपात दहा हजारांच्या आसपास येते. म्हणजे जवळजवळ ८०,००० रुपये परत यायला हवेत. टाइल, भिंत आणि चिमणीचं तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ते मालकांनाही तसंच सांगा. जे आपलं आहे ते कबूल करणाऱ्या माणसाचं बाकीचं म्हणणं लोक ऐकून घेतात, आणि कोर्टही.

आधी हे पैसे कुणाचे ते ठरवू. डिपॉझिट ही अनामत आहे. मालकाचं काही येणं राहिलं किंवा तुमच्यामुळे नुकसान झालं, तर त्याची सोय म्हणून ती त्यांच्याकडे ठेवलेली असते. ताबा परत गेला की ती परत करायची आणि काही कापायचं असेल तर का आणि किती, हे कापणाऱ्याने दाखवायचं. आपल्याकडे मात्र उलटं होतं. मालक आकडे पाठवतात आणि भाडेकरू "पण काका..." म्हणत एकेका आकड्याची माफी मागत बसतो. तुम्ही तेच करत असाल तर आज थांबवा. तुमच्याकडून पहिलं वाक्य एकच जायला हवं: प्रत्येक कपातीचं बिल आणि ती कपात करायची मुभा देणारं करारातलं कलम दाखवा.

करारात डिपॉझिट "बिनव्याजी" लिहिलेलं असतं, त्याची एक गंमत सांगते. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे तुमच्यासारख्या अकरा-अकरा महिन्यांच्या, करारावर महाराष्ट्रात ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते काढताना एकूण भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याजही धरलं जातं. म्हणजे तुमचे पैसे मालकाकडे पडून आहेत आणि त्यांचा त्यांना फायदा होतोय, हे सरकार गृहीतच धरतं. तुमच्या ९०,००० वर हा हिशेब वर्षाला ९,००० आणि ३३ महिन्यांना २४,७५० होतो. हे व्याज तुम्हाला मागता येणार नाही, करार बिनव्याजी आहे. पण "घरात राहून तुम्ही आमचं घर वापरलंत" असं कुणी ऐकवलं, तर तुमचे पैसेही वापरले गेले आहेत हे तुमच्या ध्यानात असू द्या.

"नवीन भाडेकरू आला की देतो" याचा सरळ अर्थ असा की तुमचे ९०,००० खर्च झाले आहेत, आणि येणाऱ्याच्या डिपॉझिटमधून तुमचं फेडायचं आहे. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे हीच रीत पडली आहे, कारण हे पैसे वेगळे ठेवायला कुणी सांगतच नाही. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलांना विचारा. तिथे २००७ पासून नेहमीच्या भाडेकराराचं डिपॉझिट मालकाला सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं, आता ३० दिवसांच्या आत. न नोंदवल्यास कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. वाद झाला तर त्याच योजनेकडून निवाडा मिळतो. आपल्याकडे अशी मधली पेटी नाही. म्हणून कागद हाच आधार, आणि तुमच्याकडे तो आहे.

आता एकेक आकडा घेऊ.

लाइट बिल तुमचंच आहे. महावितरणचं बिल आणि सोडताना घेतलेलं रीडिंग जुळत असेल तर १,८४० पूर्ण द्या. टाइलचे २,५०० मला जास्त वाटतात, पण फोडली तुम्ही आहे, आणि एका टाइलसाठीही गवंडी अर्ध्या दिवसाचे पैसे घेतोच. बिल दाखवलं तर त्यावर घासाघीस करू नका.

रंगाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण डिपॉझिटची निम्मी भांडणं इथेच होतात. बहुतेक करारांत "नैसर्गिक झीज वगळता, घर घेतलं त्या स्थितीत परत करणे" अशा अर्थाचं वाक्य असतं. तुमच्या करारात ते शोधा आणि खाली रेघ मारा. पावणेतीन वर्षं माणसं राहिली की भिंती मळतात, स्विचबोर्डाभोवती हात लागलेले दिसतात, पंख्याखाली कडा काळवंडतात. ही झीज आहे. घर भाड्याने देण्याच्या धंद्यातला तो खर्च आहे आणि तो भाड्यातूनच निघायचा असतो. पुढच्या भाडेकरूला घर चकचकीत दाखवायचं म्हणून काका पूर्ण घर रंगवत असतील तर खुशाल रंगवोत, पण त्याचे पैसे मागच्या भाडेकरूने का द्यायचे? पोपडे निघालेली ती एक भिंत वेगळी. ती झीज नव्हे, नुकसान आहे. लांबी भरून दोन हात मारायचे ४,००० धरा, पुरेसे आहेत.

एजंट म्हणतो तसं "सगळेच कापतात" हे पुण्यात बरंचसं खरं आहे, पण सगळे कापतात म्हणून ते कायद्याने बसतं असं होत नाही. काही करारांत "सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापलं जाईल" असं स्पष्ट कलम असतं. तसं कलम तुम्ही सही करून मान्य केलं असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. तरीही १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ चा मुद्दा उरतो: आधी ठरवून ठेवलेली रक्कम कोर्ट डोळे झाकून देत नाही, वाजवी भरपाई तेवढीच देतं. तुमच्या करारात असं कलम नसेल, नुसतं एजंटने तोंडी सांगितलं असेल, तर ३५,००० चा आकडा उभाच राहत नाही.

ट्रॉल्यांचे १८,००० तर निव्वळ नव्या वस्तूची किंमत आहे. गंजलेल्या जुन्या ट्रॉलीच्या जागी कोरी ट्रॉली तुमच्या पैशांनी बसवली, तर काकांचं नुकसान भरून निघालं असं नाही, त्यांचा फायदाच झाला. शून्य. पण "आधीच गंजलेल्या होत्या" हे दाखवायला काहीतरी हवं. राहायला आल्यावरचे फोटो शोधा. डबा भरताना, वाढदिवसाचा केक कापताना मागे स्वयंपाकघर दिसणारा एखादा फोटो निघतो. पहिल्या वर्षी "काका, ट्रॉली अडकतेय" असा मेसेज केला असेल तर तो सोन्यासारखा आहे. एजंटने घर दाखवण्यापूर्वी पाठवलेले फोटो अजून त्या चॅटमध्ये असतील. आणि हे सगळं सापडेपर्यंत फोन बदलू नका, चॅट पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात असा डिजिटल पुरावा चालतो, फक्त त्यासोबत कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो तपशील वकील बघेल, तुम्ही मूळ फोन सांभाळा.

साफसफाईत तुमची चूक तेलकट चिमणीपुरती. २,००० देऊन मोकळ्या व्हा.

उरले सोसायटीचे ९,९००. ते काका का मागताहेत हेच मला कळलं नाही. सदस्याने घर भाड्याने दिलं की सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारने २००१ मध्येच त्यावर मर्यादा घातली आहे: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पण मुद्दा मर्यादेचा नाही. हे शुल्क सोसायटी आणि तिच्या सदस्यामधलं आहे. मेंटेनन्स आणि सोसायटीचे आकार मालकाने भरायचे, असंच बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. तुमच्यावर ते टाकणारं कलम नसेल तर इथेही शून्य. शिवाय ३३ महिने एका शब्दाने न मागितलेली रक्कम शेवटच्या हिशेबात अचानक उगवावी, यातच सगळं आलं.

म्हणजे १,८४०, २,५००, ४,००० आणि २,००० मिळून कपात १०,३४०, आणि परत यायचे ७९,६६०.

आता एक पत्र लिहा. करारावर दोघींची नावं आहेत, तर सह्याही दोघींच्या हव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवा, ईमेल असेल तर त्यावर, आणि छापून स्पीड पोस्टने पोचपावतीसह. भाषा साधी ठेवा, काही अशी:

"तुमच्या सदनिकेचा ताबा आम्ही अमुक तारखेला तुम्हाला परत दिला. करारातील अमुक कलमानुसार ९०,००० रुपयांची अनामत आम्हाला परत मिळणे आहे. वीजबिल, टाइल, बेडरूमची एक भिंत आणि साफसफाई यांचे मिळून १०,३४० रुपये वळते करण्यास आमची तयारी आहे. ही तयारी प्रश्न आपसात मिटावा म्हणून, पंधरा दिवसांपुरती आहे. इतर कपातींना करारात आधार नाही, असे आमचे म्हणणे आहे. असल्यास कलम आणि बिले दाखवावीत. उरलेले ७९,६६० रुपये पंधरा दिवसांत खालील खात्यात जमा करावेत. अन्यथा वसुलीसाठी आम्हाला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल."

काकांना असं पत्र लिहायला हात जड होईल, माहीत आहे. दिवाळीचा फराळ दिलाघेतला असेल. पण काकांनी तुम्हाला आकडे पाठवताना पुतण्या म्हणून पाठवलेले नाहीत.

पत्राने काम झालं नाही तर पोलिसांकडे जाऊ नका. धमकी दिली, सामान अडवलं, तर जरूर जा. पण नुसतं डिपॉझिट दिलं नाही हा दिवाणी वाद आहे आणि चौकीत तुम्हाला तेच ऐकवतील. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचं नाव-नंबर टाकून बदनामी करण्याच्या फंदातही पडू नका. त्याने उलटी नोटीस तेवढी येते.

पुढची पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. पुण्यात ते शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात आहे. आणि इथे तुमच्या बाजूने अशी एक गोष्ट आहे जी फार थोड्या मुलींना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगार कितीही असो. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. तिथे दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत प्रकरण ठेवण्याचा अर्ज करता येतो. त्यांच्याकडून काकांना नोटीस जाते. यायची सक्ती नाही, पण कोर्टाच्या आवारातून आलेला कागद बघून बऱ्याच जणांना करार पुन्हा वाचावासा वाटतो. तिथे जे ठरेल त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही.

तेही फसलं तर दावा. रक्कम ठरलेली आहे आणि करार लेखी आहे, त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३७ खालचा समरी दावा करता येईल का, हे वकिलाला विचारा. त्यात समोरच्याला बचाव मांडायलाही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून तो नेहमीच्या दाव्यापेक्षा लवकर सरकतो. कोणत्या कोर्टात, हेही त्यालाच ठरवू द्या. दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणजे घाई नाही, पण विसरूही नका. करारात "डिपॉझिट वेळेवर न दिल्यास अमुक टक्के व्याज" असं कलम आहे का तेही बघा. कित्येक मसुद्यांत असतं आणि कुणी वाचलेलं नसतं.

खरं सांगायचं तर मी तुम्हाला कोर्टापर्यंत जायला सांगणार नाही, जर काका ७२-७५ हजारांवर आले. पाच-सात हजारांसाठी तारखा घेत बसणं परवडत नाही, आणि यात तुमचे बाबा बरोबर आहेत. पण १६,२६० वर समाधान मानून गप्प बसण्यात ते बरोबर नाहीत. काका आत्ता पैसे नाहीत म्हणाले आणि पुढच्या तारखेचा चेक देऊ म्हणाले, तर नक्की घ्या. चेक वटला तर उत्तमच. न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, त्यांना पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर प्रकरण चेक बाउन्सच्या फौजदारी तक्रारीवर जातं. तोंडी "देतो" पेक्षा ते कधीही बरं. अर्धी रक्कम देऊन "पूर्ण व अंतिम" अशा कागदावर सही मागितली, तर मात्र सही करू नका. मिळाले तेवढ्याचीच पावती द्या.

आता मैत्रिणीचा सल्ला. शेवटचं भाडं बुडवून डिपॉझिट वसूल करणं ही लोकांनी नाइलाजाने शोधलेली युक्ती आहे, आणि ती का सुचते ते मला कळतं. पण भाडं न देणं हा सरळ करारभंग आहे. मालक मुदतीआधी करार रद्द करू शकतो आणि मग चूक त्यांची न राहता तुमची होते. एखाद्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर आधी लेखी होकार घ्या. त्याहून धोक्याचा दुसरा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: "पैसे मिळेपर्यंत घरच सोडू नकोस." महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठीच्या लायसन्सची मुदत संपल्यावर घर अडवून बसलात, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. ९०,००० सोडवायला गेलात आणि दरमहा दुप्पट भाडं अंगावर आलं, तर डिपॉझिट पुरायचं नाही.

आणि हो, "दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही, नवीन नियम आलाय" असा फॉरवर्ड तुमच्याही फोनवर आला असेल. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आणि ताबा देताच रक्कम परत, असं आहे. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. मालकांसमोर तो फॉरवर्ड नाचवलात तर पहिल्या फेरीतच हसं होईल. तुमचा आधार तुमचा करार आणि १९९९ चा कायदा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. तुमचे करार नोंदलेले आहेत, तेव्हा याची तुम्हाला गरज नाही. पण नोटरीवर भागवणाऱ्या तुमच्या इतर मैत्रिणींना सांगा.

नव्या घरासाठी तीन गोष्टी करारात घालून घ्या: घरातल्या वस्तूंची त्यांच्या आजच्या अवस्थेसकट यादी, रंगाचा खर्च कुणाचा, हे नावानिशी, आणि डिपॉझिट किल्ल्या घेतानाच परत, उशीर झाल्यास ठरलेल्या व्याजासकट. कित्येक मालक पहिल्या दोन गोष्टींना सहज हो म्हणतात, तिसरीला कुरकुरतात. कुरकुर ऐकून घ्या आणि "किल्ल्या घेतल्यापासून सात दिवसांत" वर या. सोडण्याच्या पंधरा दिवस आधी मालकांना घरी बोलावून एकत्र फिरून बघा आणि जे ठरेल ते त्यांच्यासमोरच मेसेज करून ठेवा. तेव्हा तुमच्याकडे भिंत दुरुस्त करायला वेळ असतो, आणि तुमचा रंगारी काकांच्या रंगाऱ्यापेक्षा नेहमी स्वस्त पडतो.

शेवटी एक छोटी बाब, जी तुम्ही विचारली नाहीत. ९०,००० मधले तुमचे किती आणि मैत्रिणीचे किती, आणि १०,३४० ची कपात कशी वाटून घ्यायची, हे पत्र पाठवण्याआधी दोघींनी ठरवून एकमेकींना मेसेज करा. भिंतीचे ४,००० कुणाच्या वाट्याला, असा वाद काकांच्या पैशांआधी व्हायला नको. खातं एकीचंच द्या, म्हणजे काका "तिला दिले, तिलाच विचार" म्हणायला मोकळे राहणार नाहीत.